मळ्यातले वारकरी श्रीसंत सावतामहाराज

आषाढी वारी आणि भाताची लावणी एकाच वेळी येते. आमच्या आरोंद्याच्या माळकऱ्याने तरवा टाकून पंढरीला जावे कसे? वारी चुकली की मन मात्र खात राहते. अशा भाविकाने सावतोबांचे चरित्र आठवावे.

सावतोबा शके ११७२ (इ.स. १२५०) मध्ये जन्मले. गाव अरण, हल्ली सोलापूर जिल्ह्यात. वडील परसू, आई नांगिताबाई. घरचा धंदा माळ्याचा. पंढरी काही फार लांब नव्हे, तरी मळा सोडून ते वारीला गेले नाहीत. मोट, खुरपे, पाटाचे पाणी, हीच त्यांची पूजासामग्री. हात कामात, मुखी अखंड नाम! काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून आज त्यांचे ३७ अभंग तरी आपल्याला मिळतात. शके १२१७ (इ.स. १२९५), आषाढ वद्य चतुर्दशीस ते अरणलाच समाधिस्थ झाले.

इतर संतांच्या पालख्या पंढरीस येतात; पांडुरंगाची पालखी मात्र दरवर्षी अरणला जाते!

नुसते राबणे म्हणजे भक्ती नव्हे, हेही खरेच. पण चिखलात वाकून रोप लावताना नाम सुटले नाही, तर ती लावणी विठोबाला पोचलीच म्हणून समजा.