डॉ. झाकिर हुसेन : डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा उस्ताद कसा झाला?

बारावीचे, पदवीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यात एक चर्चा हमखास ऐकू येते. मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंगची फी झेपत नाही, मग आता करायचं काय? उत्तरही ठरलेलं असतं. डी.एड. करून टाक, नाहीतर बी.एड. करून टाक. मुलगी असेल तर घरातलं मोठं माणूस आणखी एक गोष्ट जोडतं, की शाळेची नोकरी बायकांसाठी बरी, दुपारी घरी येता येतं.

आम्ही शिक्षक. दरवर्षी आमच्यासमोर छात्राध्यापक येतात, पाठ टाचणाची वही हातात धरून, थोडे घाबरलेले. त्यांच्याशी बोलताना कळतं की कोणाची आई चौथीपर्यंतच शिकलेली, कोणी लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा पुस्तक उघडलेलं, कोणी मदरशातून हिफ्ज करून मग कॉलेजला गेलेला. शिक्षकच व्हायचं होतं असं सांगणारे थोडे. बाकीच्यांना आपण दुसऱ्याच कुठल्यातरी दारातून परत फिरून इथे आलो याची मनात कुठेतरी लाज वाटत असते. घरचे लोकही ती लाज वाढवतात.

या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आज आम्ही डॉ. झाकिर हुसेन यांची कहाणी सांगत आहोत. आपण त्यांना देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती म्हणून ओळखतो. पण त्याआधी तब्बल २२ वर्षं ते एका गरीब संस्थेचे उस्ताद होते, आणि शिक्षक होणं हे काही त्यांचंही पहिलं स्वप्न नव्हतं.

यतीम मुलगा, बदललेली वाट

झाकिर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणं मूळचं उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातील कायमगंजचं, आफ्रिदी पठाणांचं. वालिद फिदा हुसेन खान हैदराबादेत नावाजलेले वकील होते. १९०७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा झाकिर दहा वर्षांचा. कुटुंब कायमगंजला परतलं आणि मुलं इटावाच्या इस्लामिया हायस्कूलच्या बोर्डिंगमध्ये शिकू लागली. १९११ मध्ये प्लेगच्या साथीत आईही गेली. चौदाव्या वर्षी मुलगा पोरका झाला. त्यानंतर शाळा आणि बोर्डिंग हेच त्याचं घर, आणि मास्तर हेच घरचे वडीलधारे.

पुढे त्याला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी लखनऊच्या ख्रिश्चन कॉलेजात विज्ञान शाखेत नाव घातलं. पण तब्येतीने साथ दिली नाही, मोठं आजारपण आलं आणि ते स्वप्न तिथेच सुटलं. मग अलिगढला येऊन कला शाखा, नंतर अर्थशास्त्र आणि सोबत कायदा. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर मेडिकल हुकलेला, वकिलीचा फॉर्म भरून ठेवलेला मुलगा. अलिगढमध्ये शिकता शिकता तो थोडंफार शिकवूही लागला होता.

१९२० च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधी आणि अली बंधू अलिगढला आले. सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडा, असं असहकाराचं आवाहन होतं. झाकिर हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ते मानलं. पण कॉलेज सोडून घरी बसायचं नाही, आपलं स्वतःचं शिक्षण उभं करायचं, असा आग्रह त्यांनी हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी आणि मौलाना मोहम्मद अली यांच्याकडे धरला. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढच्या मशिदीत शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. तिच्या पदवीला सरकारी मान्यता नव्हती. ती घेऊन सरकारी नोकरी मिळणार नाही हे माहीत असूनही विद्यार्थी तिथे गेले.

बर्लिनची पदवी, शंभर रुपयांची नोकरी

१९२२ मध्ये झाकिर हुसेन जर्मनीला गेले. बर्लिन विद्यापीठातून त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, विषय होता हिंदुस्तानातली शेतीव्यवस्था. दवाखान्यातले नाही, पण डॉक्टर झाले खरे! तिथेच त्यांनी जॉर्ज केर्शेनस्टाइनर यांचे विचार अभ्यासले. हाताने काम करता करता मूल शिकतं, त्यातून त्याचा स्वभाव घडतो, असं म्युनिकच्या या शिक्षणतज्ज्ञाचं म्हणणं होतं. झाकिर साहेबांना शिक्षणाकडे ओढून नेलं ते मुख्यतः या वाचनाने. हाताच्या कामाची आवड त्यांना स्वतःलाही होती. बर्लिनच्या काविआनी छापखान्यात दीवान-ए-गालिबची छोटी, देखणी आवृत्ती निघाली, तिच्यासाठी ते स्वतः टाइप जुळवायला बसले होते.

इकडे जामियाची हालत वाईट झाली. खिलाफतच संपली, खिलाफत कमिटीचा पैसा आटला. १९२५ मध्ये संस्था अलिगढहून दिल्लीला करोलबागेत आली, पण ती बंद करावी असं अनेकांचं मत होतं. तेव्हा बर्लिनहून झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या तीन मित्रांनी कळवलं की जामिया बंद करू नका, आम्ही आमचं आयुष्य द्यायला तयार आहोत. १९२६ मध्ये तिघे परतले. वयाच्या २९ व्या वर्षी झाकिर हुसेन शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

१९२७ च्या डिसेंबरमध्ये हकीम अजमल खान गेले आणि तिजोरी पार रिकामी झाली. तेव्हा, १९२८ मध्ये, शिक्षकांनी आपली एक अंजुमन बनवली. सभासदाने वीस वर्षं जामियाची सेवा करायची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार मागायचा नाही, अशी शपथ. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नसत. युरोपातून शिकून आलेल्यांनी शंभर रुपयांवर काम केलं, झाकिर साहेबांनी त्याहूनही कमी घेतले, आणि तेही दर महिन्याला वेळेवर हाती पडतील याची खात्री नसे.

या संस्थेत शिकवायला कोण कोण आलं, ते पाहा. मुजीब साहेब लखनऊच्या श्रीमंत बॅरिस्टरचे चिरंजीव, ऑक्सफर्डला इतिहास शिकलेले. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्याकडे कुठली विलायती पदवी नव्हती, त्यांनी हयात प्राथमिक शाळेत घालवली आणि पुढे ‘एक मुअल्लिम की जिंदगी’ हे आत्मचरित्र लिहिलं. गेर्डा फिलिप्सबोर्न ही बर्लिनची ज्यू बाई. हिटलरच्या काळात ती दिल्लीला आली, जामियाच्या लहान मुलांत रमली, मुलं तिला आपाजान म्हणत. १९४३ मध्ये तिचा मृत्यू झाला, तिची कबर जामियाजवळच आहे. तिघांची घरं वेगळी, येण्याची कारणं वेगळी. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलं स्वतः बँक चालवत, दुकान चालवत, हिशोब ठेवत. ते सगळं या वेगवेगळ्या माणसांनी मिळून उभं केलं.

झाकिर साहेबांची एक गोष्ट जामियातले जुने लोक सांगत. प्राथमिक शाळेत ते मुलांना मिठाई वाटत होते. कोणीतरी कानात सांगितलं की धाकटी मुलगी रेहाना फार आजारी आहे. ते वाटत राहिले. थोड्या वेळाने तिच्या मृत्यूची खबर आली. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. मुलांच्या आनंदात विघ्न आणायचं नव्हतं. पुढे मुलांसाठी गोष्टी लिहिताना त्यांनी टोपणनाव घेतलं, रुकय्या रेहाना. ही गोष्ट आम्ही कोणा छात्राध्यापकापुढे अट म्हणून ठेवणार नाही. असा सब्र कोणाकडे मागू नये. पण जो माणूस डॉक्टरकीच्या वाटेवरून इथे पोचला होता, तो मुलांमध्ये किती खोल गुंतला होता हे त्यातून कळतं.

वर्ध्याचा अहवाल : शिक्षक कोणाला होऊ द्यायचं?

आता आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला भाग. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी हायस्कूलमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हातउद्योगातून शिक्षण, तेही मातृभाषेत आणि सात वर्षं मोफत, अशी कल्पना होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा असंही गांधीजींना वाटत होतं. झाकिर साहेबांनी भर परिषदेत आपल्या शंका मोकळेपणाने मांडल्या. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद गांधीजींनी त्यांनाच दिलं. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलामुस्सैय्यदैन अशी माणसं होती. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल तयार झाला. त्याला झाकिर हुसेन समितीचा अहवाल म्हणतात आणि बी.एड.चे विद्यार्थी आजही ‘नई तालीम’च्या प्रश्नासाठी तो पाठ करतात.

पाठ करताना एक भाग बहुधा सुटतो, तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा. पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचं असावं, आणि तातडीची गरज भागवण्यासाठी एक वर्षाचा छोटा कोर्स असावा, असं समितीने सुचवलं. प्रवेश कोणाला? एक तर मॅट्रिकपर्यंत शिकलेल्याला, किंवा व्हर्नाक्युलर फायनल होऊन निदान दोन वर्षं शिकवण्याचा अनुभव असलेल्याला. याचा अर्थ समजून घ्या. इंग्रजी न शिकलेला, खेड्यातला, पण मुलांपुढे दोन वर्षं उभा राहिलेला माणूस मॅट्रिकवाल्याच्या बरोबरीने दारात उभा राहू शकत होता. घरची पार्श्वभूमी आडवी येत नव्हती. पगाराचाही विचार होता : शक्यतो महिना २५ रुपये, आणि २० पेक्षा कमी कधीच नाही.

समितीने एक धोकाही नोंदवला. शिक्षकाचं सगळं लक्ष कमाईकडे गेलं तर तो मुलांकडून नुसती मजुरी करून घेईल आणि शिक्षण बाजूला पडेल. म्हणजे योजना कितीही चांगली असो, ती राबवणारा शिक्षक कशासाठी आला आहे यावर सगळं अवलंबून आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

या कामासाठी झाकिर साहेबांना आपल्याच लोकांकडून खूप ऐकून घ्यावं लागलं. योजनेत धार्मिक शिक्षणाला जागा नाही, मध्य प्रांतातल्या शाळांना ‘विद्यामंदिर’ हे नाव, अशा तक्रारी होत्या. मुस्लिम लीगने कडाडून विरोध केला. त्यांनी वाद वाढवला नाही. हिंदुस्तानी तालीमी संघाचं अध्यक्षपद सांभाळलं, सेवाग्रामला येत-जात राहिले. आणि १९३८ मध्ये जामियात अशा शाळांसाठी शिक्षक घडवणारी संस्था सुरू झाली. तिचं नाव साधं होतं, उस्तादों का मदरसा.

चांगला उस्ताद कसा असतो, यावर झाकिर साहेबांचा ‘अच्छा उस्ताद’ हा लेख प्रसिद्ध आहे. ‘तालीमी खुत्बात’ या त्यांच्या संग्रहाची तर उर्दू माध्यमाच्या डी.एड. कॉलेजांत अनेकांना ओळख असते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : माणसं स्वभावाने वेगवेगळी असतात. कोणाला ज्ञानाची ओढ, कोणाला सत्तेची, कोणाला पैशाची. शिक्षकाचा स्वभाव तो, ज्याचं मन दुसऱ्या माणसात, खास करून वाढत्या मुलात लागतं. विद्वत्तेपेक्षा ते या मायेला वरचं स्थान देत. सगळ्यांनी हात टेकलेल्या मुलाबद्दलही ज्याची उमेद टिकते, तो उस्ताद.

राष्ट्रपती भवनापर्यंत

१९४७ च्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते मरता मरता वाचले. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी यांनी त्यांना वाचवलं. परतल्यावर ते पुन्हा कामाला लागले. १९४८ ते १९५६ अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू, मग बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचा इंतकाल झाला. दफन मात्र जामियाच्या आवारात, ओखल्याला, आपल्या शाळेच्या सावलीत.

आपल्या घरातल्या उमेदवारासाठी

आजची अडचण आम्हाला माहीत आहे. टीईटी आहे, टेट आहे, पवित्र पोर्टलची वाट पाहणं आहे, नोकरी लागली तरी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची आहेत. शंभर रुपयांतल्या उस्तादांचे दाखले देऊन कमी पगाराचं समर्थन आम्ही करणार नाही. वर्ध्याच्या समितीनेही पगाराचा किमान आकडा लिहूनच ठेवला होता. शिक्षकाचं घर चाललं पाहिजे, आणि पगारासाठी बी.एड.ला येणं हा काही गुन्हा नाही.

आमचं सांगणं एवढंच, की दुसरीकडे जमलं नाही म्हणून आलेल्या मुलाला टोमणा मारू नका. झाकिर साहेबही असेच आले होते. त्याला टोमण्याऐवजी एक संधी द्या. फॉर्म भरण्याआधी, सुट्टी असेल त्या दिवसांत, मोहल्ल्यातल्या मकतबमध्ये, शिकवणीत किंवा बालवाडीत त्याला पंधरा दिवस मुलांसोबत बसू द्या. समितीने दोन वर्षं मागितली होती, आपण पंधरा दिवस तरी देऊ. त्यातल्या सगळ्यात मागे राहिलेल्या एका मुलाला एक धडा वाचायला शिकवून बघायचं. घरी परतल्यावर तो त्या मुलाबद्दल बोलत असेल तर बिनधास्त फॉर्म भरा. नुसता कंटाळून आला असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, त्याची दोन वर्षं आणि घरचे पैसे तरी वाचतील.