फ्रेडरिक ॲकम

पितळेच्या भांड्यांत ताक किंवा आमसुलाचें सार रात्रभर राहिलें कीं तें कळकतें, हें आपल्या जोहे-पेण भागांतील कोणत्याहि जुन्या गृहिणीस शिकवावें लागलें नाहीं. म्हणूनच गांवांत कल्हईवाला येण्याची वाट पाहिली जात असे, व लोणच्यासाठीं चिनी मातीची बरणी राखून ठेविली जात असे. आंबट पदार्थ भांड्याचा अंश आपणांत ओढून घेतो, हें ज्ञान आपल्याकडे जिभेनें मिळविलेलें होतें. परंतु कांहीं विषें जिभेस कळतच नाहींत. तीं डोळ्यांस दिसावींत अशी सोपी परीक्षा ज्यांनीं सामान्य जनांच्या हातीं दिली, त्या रसायनशास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फ्रेडरिक ॲकम यांचा जन्म २९ मार्च १७६९ रोजीं जर्मनींतील ब्यूकेबुर्ग या गांवीं झाला. त्यांचे वडील साबण तयार करण्याचा धंदा करीत. ते फ्रेडरिकच्या बालपणींच वारले. पुढें हानोव्हर येथील ब्रांडे घराण्याच्या औषधालयांत त्यांनीं उमेदवारी केली व १७९३ सालीं त्याच घराण्याच्या लंडन येथील दुकानांत ते मदतनीस म्हणून आले. १८०० सालीं त्यांनीं सोहो भागांत घर घेतलें. त्या एकाच घरांत त्यांची प्रयोगशाळा, उपकरणांचें दुकान व विद्यार्थ्यांचा वर्ग, असें सर्व कांहीं होतें. कांहीं काळ त्यांनीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें हंफ्रे डेव्ही यांच्या हाताखालींहि काम केलें. लंडनच्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे लागले, त्यांतहि त्यांचा मोठा वाटा होता. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८१५ सालीं निघाला.

परंतु ज्या ग्रंथामुळें त्यांचें नांव घरोघरीं झालें, तो १८२० सालचा. अन्नांतील भेसळ व स्वयंपाकांतील विषें हा त्याचा विषय. जुन्या करारांतील अलीशा संदेष्ट्याच्या वेळीं शिजविलेल्या विषारी कालवणाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच; तिच्यांतील वचन ग्रंथावर छापिलें होतें. एका महिन्यांत हजार प्रती खपल्या.

त्या काळीं इंग्लंडांतील लोणचें हिरवेंगार दिसावें म्हणून तें तांब्याच्या नाण्यांबरोबर उकळावें, असा उपदेश पाकशास्त्राचीं पुस्तकेंच करीत! ॲकम यांनीं सांगितलें कीं, अशा लोणच्याचे तुकडे करून त्यांवर पाणी मिसळलेला अमोनिया ओतावा. तांबें असल्यास द्रव निळा होईल. शिसें ओळखण्यासाठीं गंधकयुक्त हायड्रोजनाचें पाणी घालावें, म्हणजे काळपट रंग येतो. मातीच्या भांड्यांवरील चकचकीत झिलईंत शिसें असतें, व आंबट फळें त्यांत भाजल्यास तें सुटून अन्नांत उतरतें, हें त्यांनीं लिहून ठेविलें. अन्नास बाहेरून कोणी कांहीं मिसळलें नाहीं, तरी भांड्याचा आंतला लेपच अन्नाचा घटक होऊं शकतो, ही गोष्ट आम्हांस त्या ग्रंथांत सर्वांत महत्त्वाची वाटते.

एका चीजची हकीकत तर गणपतीच्या कारखान्यांत रंग हाताळणाऱ्या आपल्या मंडळींस विशेष कळण्याजोगी आहे. चीजास पिवळसर छटा यावी म्हणून गवळी शेंद्री घाली. शेंद्री फिकी निघे म्हणून व्यापारी तींत हिंगूळ मिसळी. आणि हिंगूळ विकणारा, हा तर रंगकामासच जाणार असें समजून, त्यांत शेंदूर मिसळी. शेंदूर म्हणजे शिशाचीच राख. अशा रीतीनें तिघांपैकीं कोणाचाहि विष देण्याचा हेतु नसतां शिसें ताटांत येऊन पडे.

ॲकम यांनीं शिक्षा झालेल्या व्यापाऱ्यांचीं नांवेंहि छापिलीं. साहजिकच शत्रु पुष्कळ झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉयल इन्स्टिट्यूशनच्या ग्रंथालयांतील पुस्तकांचीं पानें फाडल्याचा आरोप त्यांजवर आला. तेथील मदतनिसानें भिंतीस भोंक पाडून पाळत ठेविली होती. फाडलेल्या कागदाची किंमत अवघी कांहीं पेन्स. कित्येकांनीं हा शत्रूंचा डाव मानिला. आम्हांस तसें ठामपणें म्हणतां येत नाहीं, आणि पानें फाडलीं असल्यास तें कृत्य क्षुद्रच होय. परंतु लोणच्यांतील तांबें कांहीं त्यायोगें नाहींसें झालें नव्हतें. जामिनावर असतांना १८२१ सालीं ते न्यायालयांत हजर न राहतां जर्मनीस निघून गेले. लेखकाबरोबर ग्रंथहि लोकांच्या नजरेंतून उतरला व भेसळ करणाऱ्यांस तीस वर्षें मोकळें रान मिळालें. ॲकम यांनीं बर्लिन येथें अध्यापक म्हणून उर्वरित आयुष्य घालविलें. २८ जून १८३८ रोजीं ते तेथेंच वारले.

१८५१ पासून आर्थर हॅसल यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन तेंच काम पुन्हां आरंभिलें. त्यांचे अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत येत, व १८६० सालीं इंग्लंडांत भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला.

याच ‘लॅन्सेट’मध्यें १८८३ नव्हे, १९८३ सालीं पुण्याकडील एक शोध प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दोन-तीन वर्षांचीं बालकें यकृताच्या एका विकारानें दगावत असत, व त्यांच्या यकृतांत तांब्याचा मोठा सांठा आढळे. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं या बालकांच्या दुधाचा माग काढला. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविलेलें व सांठविलेलें दूध तांबें ओढून घेतें, असें दिसून आलें. ज्या मातांनीं तें दूध पाजलें त्यांस त्याची चवहि वेगळी लागली नसेल. पुढें घरोघरीं पोलादी भांडीं आलीं आणि हा विकार दुर्मिळ झाला.

आतां अन्न पत्र्याच्या डब्यांत येतें. आंबट रसानें पत्रा खाऊं नये म्हणून डब्यास आंतून रोगण देतात, म्हणजे एक प्रकारची कल्हईच म्हणाना. अशा पुष्कळ रोगणांत बिस्फेनॉल-ए नांवाचें द्रव्य वापरीत आले आहेत, व तें अंशतः अन्नांत उतरतें. युरोपीय संघानें डिसेंबर २०२४ मध्यें अन्नास लागणाऱ्या वस्तूंत त्याचा वापर बंद करणारा नियम केला. उद्योगांस बदल करण्यास कांहीं मुदत दिली. रोगणाच्या परीक्षेंत खरें अन्न बहुधा घेत नाहींत. आंबट पदार्थाच्या ऐवजीं शिरक्यांतील आम्ल शेंकडा तीन या प्रमाणांत पाण्यांत मिसळून घेतात, तेलकट पदार्थाच्या ऐवजीं दुसरा योग्य द्रव घेतात. तो ठराविक उष्णतेंत रोगणास लावून ठेवितात, कित्येकदां दहा दिवसपर्यंत. आणि मग त्यांत काय काय उतरलें हें मोजून पाहतात.