काचेचे कोडे मांडणारे गुस्ताव टामान

गुस्ताव टामान यांचा जन्म २८ मे १८६१ रोजी रशियातील याम्बुर्ग येथे झाला. डॉर्पाट येथे (आजचे एस्टोनियातील टार्टू) शिकून ते तेथेच प्राध्यापक झाले. १९०३ मध्ये ते जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. मिश्रधातूंचे अभ्यासक आणि प्रचंड दाबाखालील बर्फाचे दोन नवे प्रकार शोधणारे संशोधक (१९००) अशी त्यांची ख्याती झाली. त्यांचे खरे मोठेपण मात्र काचेच्या अभ्यासात आहे.

द्रव थंड झाला की त्याचे स्फटिक व्हायला हवेत. मग काही द्रव स्फटिक न होताच टणक का होतात? टामान यांनी या प्रश्नाचे दोन भाग केले. स्फटिकबीज जन्माला येणे ही एक क्रिया, ते वाढणे ही दुसरी. बीजे डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून काळ्या मिरीतील पायपेरीनसारखे पदार्थ वितळवून ते कमी तापमानाला काही काळ ठेवीत, नंतर तापमान वाढवून बीजे वाढू देत आणि उमटलेले ठिपके मोजीत. पद्धत साधी, पण निष्कर्ष दूरगामी ठरला. बीजे सर्वाधिक जन्मतात ते तापमान वेगळे, त्यांची वाढ जोमाने होते ते त्याहून वरचे. हे दोन्ही टप्पे द्रवाने झपाट्याने ओलांडले, तर रेणूंना ओळीत बसायला सवडच मिळत नाही. काच म्हणजे गोठलेला अतिशीत द्रव, असे टामान मानत.

काच होताना द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, पाण्याच्या सुमारे एकावर पंधरा शून्ये इतकी पट होते. ही वाढ मांडणारे सूत्र फोगेल (१९२१), फुल्चर (१९२५) आणि हेस यांच्यासह टामान (१९२६) यांनी दिले. आज ते तिघांच्या नावाने ओळखले जाते. मोजमापांशी ते छान जुळते, पण कारण सांगत नाही. सूत्रानुसार एका ठरावीक तापमानाला श्यानता अनंत व्हायला हवी. प्रत्यक्षात द्रव त्याआधीच काच होऊन बसतो.

१९३० मध्ये निवृत्त झाल्यावरही टामान थांबले नाहीत. काचावस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९३३ साली, वयाच्या बहात्तरीच्या सुमारास प्रसिद्ध झाला. १७ डिसेंबर १९३८ रोजी ग्योटिंगेन येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॉझमन यांनी उष्मागतिकीच्या वाटेने तशाच एका तापमानाकडे बोट दाखविले. तेथे द्रवाची खरोखरच नवी अवस्था सुरू होते की ते केवळ गणिताने उभे केलेले भूत आहे, यावर भौतिकशास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.