एका दाताचा राष्ट्राध्यक्ष

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण सर्वांनीच शाळेत असताना पाठ केलेली आहे. तिचा अर्थ मला खऱ्या अर्थाने उमगला तो आमच्या आजीमुळे, आणि त्याचबरोबर एका अशा थोर पुरुषामुळे, की ज्याची तसबीर एका डॉलरच्या नोटेवर बसून जगभर फिरत असते. तो पुरुष म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. जमीनजुमला, मानमरातब, कीर्ती, कशाचीच त्यांना वानवा नव्हती. वानवा होती ती फक्त दातांची!

इतिहासाच्या तासाला अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध शिकविताना आमच्या सरांनी ओघात सांगितले, की वॉशिंग्टन कवळी वापरीत असत. लगेच मागच्या बाकावरून कुणीतरी लाकडी दात, लाकडी दात असे ओरडले आणि सगळा वर्ग खो खो हसू लागला. मीही हसले. हसता हसता एकदम आठवण झाली ती चुलतबहिणीच्या लग्नाची. त्या लग्नात पंगतीला बसलेल्या आमच्या आजीची कवळी पहिल्याच घासाला सुटून ताटात पडली होती, आणि तेव्हाही मी अशीच हसले होते. आजीने कवळी पदराआड घेतली आणि ती भरल्या ताटावरून उठली. त्या दिवसापासून तिने कवळी डब्यात ठेवून दिली आणि लग्नकार्याला जाणेही सोडले. हसतील त्यांचे दात दिसतील, असे म्हणतात. माझे दात त्या दिवशी चांगलेच दिसले!

त्या तासानंतर मी ग्रंथालयात गेले. वॉशिंग्टनांच्या लढाया आणि राजकारण यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी मात्र त्यांचे चरित्र दातांच्या अंगाने वाचायचे ठरविले. त्यातून जे हाती आले, ते वाचकमित्रांपुढे ठेवीत आहे.

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी इंग्रजांच्या व्हर्जिनिया या वसाहतीत झाला. वडील वारले तेव्हा ते अवघे ११ वर्षांचे होते. वडिलांकडून वारसाहक्काने त्यांना शेती मिळाली, आणि शेतीबरोबर १० गुलामही मिळाले. माणसांची अशी वाटणी त्या काळी तेथे रीतसर होत असे. शालेय शिक्षण फार झाले नाही. पण ते जमीनमोजणीचे काम शिकले आणि १७ व्या वर्षी सरकारी मोजणीदार झाले. सहा फुटांहून अधिक उंची, पिळदार शरीर आणि घोड्यावर पक्की मांड. विशीत त्यांनी सरहद्दीवर फ्रेंचांशी लढाया केल्या. असा हा उमदा तरुण २४ वर्षांचा असताना, म्हणजे १७५६ साली, त्यांच्या खर्चाच्या वहीत एक नोंद सापडते. डॉ. वॉटसन यांना दात काढण्याबद्दल ५ शिलिंग दिले, अशी ती नोंद. वॉशिंग्टन हिशेबाचे मोठे काटेकोर. पै न् पै वहीत लिहून ठेवीत. त्यांच्या दातांची कहाणी आज आपल्याला कळते ती बरीचशी या वह्यांमुळेच.

तेथून दातांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. वरचेवर दाढ ठणकायची, हिरड्या सुजायच्या, आणि शेवटी एकेक दात जायचा. आता कुणी म्हणेल, की ते दात घाशीत नसतील. पण तसे नव्हते. दात घासण्याचे ब्रश, दंतमंजन, हिरड्यांना लावायचे अर्क हे सगळे ते खास लंडनहून मागवीत असत. मग दात का गेले? कारण दात का किडतात, हेच त्या काळी कुणाला नीट ठाऊक नव्हते. दाताला लागणारी कीड म्हणजे खरोखरीचा किडा ही जुनी समजूत पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात खोडून काढली होती. पण तोंडातले सूक्ष्म जंतू साखर व पिठूळ पदार्थ यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते, हे विलोबी मिलर या शास्त्रज्ञाने मांडले ते १८९० साली. तोवर दुखरा दात उपटणे हाच मुख्य उपाय. तोही भूल न देता! ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते, हे मॉर्टन नावाच्या एका दंतवैद्यानेच बॉस्टन येथे जाहीरपणे दाखविले, ते १८४६ साली.

१७५९ साली वॉशिंग्टनांनी मार्था या विधवा स्त्रीशी विवाह केला आणि पोटोमॅक नदीकाठच्या माउंट व्हर्नन या आपल्या वाड्यात ते शेती पाहू लागले. १७७५ साली वसाहतींनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उपसले आणि सेनापतिपद वॉशिंग्टनांकडे आले. फौजेला धड कपडे नाहीत, पगार नाही, आणि सेनापतीच्या तोंडात दाढदुखी, अशा स्थितीत हे युद्ध आठ वर्षे चालले.

या युद्धात त्यांच्या दातांनीही नकळत एक कामगिरी बजावली, ती मोठी गमतीची आहे. १७८१ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या छावणीतून त्यांनी फिलाडेल्फियातील आपल्या दंतवैद्यांना पत्र लिहिले. दात साफ करण्याची अवजारे इकडेच पाठवा, कारण इतक्यात तिकडे येणे होईलसे दिसत नाही, अशा आशयाचा तो मजकूर होता. ते पत्र वाटेतच इंग्रजांच्या हाती पडले. वॉशिंग्टन न्यूयॉर्कजवळून हलणार नाहीत, असा इंग्रज सेनापतीचा जो समज होता त्याला या पत्राने बळकटीच आली असावी, असे अभ्यासक मानतात. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये वॉशिंग्टन फौज घेऊन दक्षिणेकडे निघाले आणि १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसच्या सैन्याला शरण यावे लागले. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ साली मराठे व निजाम यांच्या साथीने त्याने टिपू सुलतानाला श्रीरंगपट्टणचा तह करायला लावला. आपल्या अभ्यासक्रमातली दोन वेगळी प्रकरणे अशी एकमेकांना जोडली गेलेली पाहून मला फार नवल वाटले.

युद्ध संपल्यावर डिसेंबर १७८३ मध्ये वॉशिंग्टनांनी सेनापतिपद स्वखुशीने परत केले आणि ते घरी आले. जिंकलेला सेनापती तलवार खाली ठेवून शेतीकडे वळतो, हे पाहून सारे जग थक्क झाले. येथवर वाचताना माझा ऊर अभिमानाने भरून आला होता. पण त्यापुढचे पान उलटले आणि मी थबकले.

८ मे १७८४ रोजी माउंट व्हर्ननच्या हिशेबात एक नोंद आहे. फ्रेंच दंतवैद्य ल मायर यांच्यासाठी निग्रोंकडून ९ दात घेतले, त्याचे ६ पौंड २ शिलिंग दिले. गुरे, बियाणे, खिळे यांच्या हिशेबांप्रमाणेच हाही एक हिशेब! हे ल मायर एकाचा दात काढून दुसऱ्याच्या हिरडीत रोवण्याचा प्रयोग करीत आणि वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून पुढचे दात विकत घेत. एका दाताला २ गिनी, म्हणजे ४२ शिलिंग, असा भाव त्यांनी जाहीर केला होता. त्यात गुलाम वगळून, अशी अटही होती. माउंट व्हर्ननच्या गुलामांना दातामागे मिळाले ते साडेतेरा शिलिंगांच्या आसपास, म्हणजे त्या भावाचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हे. हे दात वॉशिंग्टनांच्याच तोंडात बसले, असे वहीत लिहिलेले नाही. ज्यांचे दात गेले त्यांची नावेही लिहिलेली नाहीत. पैसे दिले हे खरे. पण जो माणूसच दुसऱ्याच्या मालकीचा, त्याच्या होकाराला किंवा नकाराला अर्थ तो काय?

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे वॉशिंग्टनांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा असा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्यांच्यासाठी कवळी घडविली. पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेली बैठक, तिच्यावर बसविलेले माणसांचे दात आणि त्या उरलेल्या एका दातासाठी राखलेले भोक, अशी तिची रचना होती. त्यांची जी एक संपूर्ण कवळी माउंट व्हर्नन येथे जतन केलेली आहे, तिच्यात शिसे आहे, माणसांचे दात आहेत आणि जनावरांचेही आहेत. लाकूड मात्र त्यांच्या कोणत्याच कवळीत नव्हते! हस्तिदंती वस्तूवर डाग पडून बारीक चिरा गेल्या की ती लाकडासारखी दिसते, त्यातूनच ही दंतकथा निघाली असावी, असे म्हणतात.

या कवळ्यांचे वरचे आणि खालचे भाग स्प्रिंगांनी जोडलेले असत. तोंड मिटून ठेवायचे तर जबडे सतत दाबून धरावे लागत. खाणे अवघड, बोलणे अवघड, आणि मोकळेपणाने हसणे तर दूरच. १७९३ साली दुसऱ्यांदा शपथ घेताना त्यांनी केलेले भाषण अवघे १३५ शब्दांचे होते. अमेरिकेच्या इतिहासात शपथविधीचे इतके छोटे भाषण दुसरे नाही. त्याचे कारण दातच होते, असे मी म्हणत नाही. पण आजी दारात आलेल्या बायकांशी तोंडावर पदर धरून दोनच शब्द का बोलते, ते हे वाचताना मला समजले. १७९६ साली गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी वॉशिंग्टनांचे जे चित्र काढले, तेच नोटेवर आहे. त्यातले घट्ट मिटलेले, फुगीर ओठ नीट पाहावेत. तो करारीपणा पुष्कळसा कवळीचा आहे!

त्याच वर्षी तो शेवटचा दातही गेला. ग्रीनवूड यांनी तो एका छोट्या काचेच्या डबीत घालून आठवण म्हणून जपला. १७९८ साली वॉशिंग्टनांनी दुरुस्तीला पाठविलेली कवळी काळी पडलेली पाहून ग्रीनवूड यांनी त्यांना पत्राने कळविले, की हा मद्याचा परिणाम आहे. जेवण झाल्यावर ही कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा आणि दुसरी लावा. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही बराचसा लागू आहे. पुढच्याच वर्षी, १२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फात आणि पावसात घोड्यावरून शेत पाहून आल्यावर वॉशिंग्टनांचा घसा सुजला. वैद्यांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे पुन्हा पुन्हा रक्त काढले. १४ डिसेंबरच्या रात्री वयाच्या ६७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. आपल्या मालकीच्या १२३ गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. मार्थाबाईंनी त्यांना १ जानेवारी १८०१ रोजीच मुक्त केले.

सुट्टीत घरी गेल्यावर ही सगळी हकीकत मी आजीला सांगितली. इतक्या मोठ्या माणसाचीही कवळी सुटत असे, हे ऐकून तिला धीर येईल, असा माझा हेतू होता. लग्नातल्या हसण्याबद्दल मला तिची क्षमाही मागायची होती. आजी निवडायचे तांदूळ पुढ्यात घेऊन शांतपणे ऐकत होती. त्या ९ दातांची गोष्ट आली तेव्हा तिचा हात थांबला. ज्यांचे दात काढून नेले ती माणसे मग भाकरी कशी खात असतील, एवढेच तिने विचारले. मी इतकी पुस्तके चाळली, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या माझ्या आजीला तो पहिल्याप्रथम सुचला.

नंतर मी आजीला तालुक्याच्या दंतवैद्यांकडे घेऊन गेले. त्यांनी समजावून सांगितले, की दात काढल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, म्हणून जुनी कवळी सैल होते. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. कवळीला आतून नवा थर देता येतो किंवा ती नवी करता येते. रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवावी म्हणजे हिरड्यांना विसावा मिळतो. ज्याला परवडेल त्याला हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून पक्का दातही लावता येतो. १९६५ साली स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी ते पहिल्यांदा माणसावर करून दाखविले. आजीने आयुष्यभर लावलेल्या मिश्रीबद्दल मात्र डॉक्टर तिला रागावले. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्या तर जातातच, शिवाय तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळते.

मित्रमैत्रिणींनो, वॉशिंग्टनांना सत्ता, पैसा, नामांकित दंतवैद्य हे सगळे मिळाले, पण दात का किडतात हे ज्ञान मिळाले नाही. ते ज्ञान आज आपल्याला फुकट मिळते आहे. फ्लोराइड असलेल्या पेस्टने सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत, गोड चघळत राहू नये, तंबाखू, गुटखा, मिश्री यांना शिवू नये आणि दाढ ठणकण्याची वाट न पाहता दंतवैद्यांना दात दाखवावेत. एवढे केले तर आपले दात आपल्याच तोंडात राहतील. आणि कुणाची कवळी सुटली तर आपण आपले दात दाखवू नयेत.

आजीची कवळी आता नीट बसते. गेल्या महिन्यात शेजारच्या बारशाला ती माझ्याबरोबर आली होती. तिथे घुगऱ्या वाटल्या, आणि तिने त्या सगळ्यांबरोबर बसून खाल्ल्या.