पिवळ्या ज्योतीआड

वरणगाव म्हटले की लोकांना दारूगोळ्याचा कारखाना आठवतो. मला आठवते ती आमची केळीची बाग आणि एक जर्मन प्राध्यापक. या दोघांची गाठ कशी पडली, ते सांगतो.

त्या वर्षी काकांनी केळीसाठी पोटॅशचे पोते आणले. आजीने दाणा जिभेवर ठेवला आणि हे मीठच आहे, असा निकाल दिला. पोटॅशऐवजी मीठ पडले असते तर बाग हातची गेली असती. दुकानदार गावातलाच, काका त्याला भर बाजारात जाब विचारायला निघाले. मी भुसावळला सायन्सला होतो. दोन दिवस थांबा म्हणालो आणि पुडी घेऊन कॉलेजात गेलो.

सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरा साका आला. पण मीठ आणि पोटॅश दोन्ही क्लोराईडच, त्यामुळे त्यातून काही ठरेना. मग प्लॅटिनमच्या तारेवर कण घेऊन बर्नरवर धरला. ज्योत पिवळीधमक! म्हणजे सोडियम, म्हणजे मीठच. मी वही मिटली, तेवढ्यात सरांनी थांबवले आणि ज्यांच्या नावाचा तो बर्नर, त्या रॉबर्ट बुन्सेन यांची गोष्ट सांगितली.

बुन्सेन यांचा जन्म १८११ सालचा, जर्मनीतल्या गॉटिंगेनचा. तरुणपणीच त्यांनी आर्सेनिकच्या विषावर लोहाचा उतारा शोधला. पुढे आर्सेनिकच्याच एका संयुगाचा स्फोट होऊन त्यांची उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. ज्योतीचे रंग जगाला वाचायला शिकवणारा हा माणूस एकाच डोळ्याने पाहत होता!

१८५२ मध्ये ते हायडेलबर्गला आले. पदार्थाचा रंग दिसायचा तर ज्योतीला स्वतःचा रंग नको, म्हणून १८५५ च्या सुमारास देसागा या कारागिराच्या मदतीने त्यांनी हवा मिसळून जळणारा बर्नर घडवला. त्याचे पेटंट घेतले नाही. तरी अडचण उरलीच. सोडियमचा अंश घामात, धुळीत, सगळीकडे असतो आणि त्याचा पिवळा रंग बाकीचे रंग झाकून टाकतो. बुन्सेन रंगीत काचांतून ज्योत पाहू लागले. त्यांचे सहकारी किरचॉफ यांनी लोलक सुचवला. लोलकातून प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा वेगळ्या दिसल्या. १८६० मध्ये एका झऱ्याच्या पाण्यात अनोळखी निळ्या रेघा दिसताच त्यांनी सुमारे ४० टन पाणी आटवले आणि सीझियम हाती लागले. पुढच्याच वर्षी रुबिडियम. लग्न त्यांनी केलेच नाही. प्रयोगशाळा आणि विद्यार्थी हाच संसार. १८९९ मध्ये, ८८ व्या वर्षी ते गेले.

गोष्ट संपवून सरांनी निळी कोबाल्ट काच माझ्या हाती दिली. काचेतून पाहिले तर पिवळा नाहीसा झाला होता आणि मागे तांबूस-जांभळी ज्योत उभी होती. ते पोटॅशियम. खात्रीसाठी घरचे मीठ तसेच धरून पाहिले. तिथे जांभळ्याचा मागमूस नव्हता.

बाग वाचलीच, शिवाय एका सरळ माणसाची अब्रूही वाचली. तेव्हापासून कोणी पहिल्याच रंगावरून कुणाला दोष देऊ लागले, की मला ती निळी काच आठवते.