अहिल्याबाईंना राग यायचा का? (गीता २.६२-६३)



आज दुसऱ्या अध्यायातले ६२ आणि ६३ हे दोन श्लोक. एखाद्या गोष्टीचा सारखा विचार केला की तिची ओढ लागते, ओढीतून हाव, हाव अडली की राग. रागातून डोकं भ्रमतं, मग स्मृती जाते, स्मृतीपाठोपाठ बुद्धी, आणि बुद्धी गेली की माणूस संपलाच. अख्खी घसरगुंडी भगवंतांनी दोन श्लोकांत मांडलीय.

आपलं सगळ्यांचं लक्ष जातं ते रागाकडे. मला यंदा अडवलं ते स्मृतीनं. रागात स्मृती जाते म्हणजे काय? पासवर्ड विसरतो का आपण? नाही. आपण कोण आहोत, आपल्यावर कोण अवलंबून आहे, शांत असताना आपण काय ठरवलं होतं, हे सगळं तेवढ्यापुरतं पुसलं जातं. आणि नेमक्या त्याच वेळी आपण मेसेज पाठवतो, राजीनामा टाइप करतो, नातं तोडतो. हल्ली ऑफिसात इमोशनल इंटेलिजन्सची सेशन्स असतात, तिथे सांगतात की भावना ओळखा, थोडं थांबा, समोरच्याचं मन वाचा, मग निर्णय घ्या. चांगलंच आहे ते. पण थांबून करायचं काय? या श्लोकांवरून मला वाटतं, आठवायचं. आणि हे ज्यांच्या आयुष्यात लख्ख दिसतं त्या म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर.

काशी विश्वनाथाचं मंदिर, घाट, धर्मशाळा, हे तुम्हाला माहीत आहे, त्यात जात नाही. १७२५ साली चौंडीला जन्म, लहानपणीच होळकरांच्या घरची सून. मार्च १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव गेले. बाईंचं वय अठ्ठावीस. त्या काळाच्या रीतीप्रमाणे त्यांनी सती जायचं ठरवलं. सासरे मल्हारराव स्वतः एकुलता एक मुलगा गमावून बसलेले. त्यांनी सुनेला अक्षरशः विनवलं. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याचं आणि या प्रजेचं काय, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अहिल्याबाई थांबल्या.

मल्हाररावांनी काय केलं बघा. रडू नकोस असं नाही सांगितलं, तत्त्वज्ञानही नाही पाजलं. दुःखात सून जे विसरली होती तेवढं आठवून दिलं: तू कोण आहेस आणि तुझी गरज कुणाला आहे. पुढे त्यांनी सुनेला हिशेब, पत्रव्यवहार, तोफा-दारूगोळ्याची व्यवस्था अशी सगळी कामं करायला लावली. मला नेहमी वाटतं, अहिल्याबाईंच्या गोष्टीत या सासऱ्याला आपण फारच कमी श्रेय देतो.

१७६६ साली आलमपूरला मल्हारराव वारले. मुलगा मालेराव गादीवर बसला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १७६७ मध्ये, तोही गेला. नवरा, सासरा, मुलगा, तिघेही गेले. आणि नेमकं तेव्हाच दौलतीचे जुने कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं की बाईंनी एखादं मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपल्यावर सोपवावा. बाई बधत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पेशव्यांचे काका राघोबादादा यांना फूस लावली. राघोबा फौज घेऊन उज्जैनपाशी क्षिप्रेच्या काठावर येऊन ठेपले.

आता कल्पना करा. मुलाचं दुःख ताजं, घरचाच माणूस फितूर, दारात फौज. राग आला असेल का? आलाच असणार. अहिल्याबाई म्हणजे सदा शांत, पांढऱ्या साडीतली, हातात शिवलिंग घेतलेली मूर्ती, असं चित्र आपण मनात धरतो, आणि त्यामुळे त्या आपल्या काही कामाच्या राहत नाहीत. मला त्या जवळच्या वाटतात ते या प्रसंगामुळे. राग होता, पण स्मृती शाबूत होती.

त्यांनी आधी भोवतालच्या सरदारांना पत्रं धाडली, आपली बाजू कळवली. थेट माधवराव पेशव्यांना लिहिलं. माधवराव न्यायी आहेत आणि काकांचे उद्योग त्यांना पसंत नाहीत, हे त्या ओळखून होत्या. पेशव्यांचा कौल बाईंच्या बाजूने आला. तिकडे तुकोजी होळकर सैन्य घेऊन क्षिप्रेच्या अलीकडच्या तीरावर उभे राहिले. बाईंनी स्त्रियांची एक तुकडीही तयार केली असं सांगतात. मग राघोबांना निरोप गेला. त्याचा आशय असा की बाईमाणसाशी लढून जिंकलात तर त्यात कसली कीर्ती, आणि हरलात तर तोंड कुठे लपवाल?

शिवी नाही, आरडाओरडा नाही. राघोबांचा कमकुवत दुवा त्यांचा मान होता आणि बाईंनी बरोबर तिथे बोट ठेवलं. राघोबांनी कळवलं की आपण तर मालेरावांच्या शोकाला भेटायला आलो आहोत. आता गंमत बघा, बाईंनी ते खोटं उघडं पाडलं नाही! शोकाला आलात तर या, फौज कशाला, असं म्हणून त्यांना पाहुणा म्हणून बोलावलं आणि पाहुणचार केला. माणसाला परत फिरायला वाट ठेवली. आपल्यातल्या किती जणांना हे जमेल? समोरचा खोटं बोलतोय हे पक्कं माहीत असताना स्क्रीनशॉट न टाकता गप्प बसायचं?

लगेच दुसरा निर्णय. सैन्याची जबाबदारी त्यांनी तुकोजींकडे दिली. ते रक्ताचे नव्हते. स्वतः महेश्वरला बसून मुलकी कारभार पाहिला, जवळजवळ तीस वर्षं. राज्याचे हुकूम श्रीशंकराच्या नावाने निघत. मला ही नुसती भक्ती वाटत नाही, रोजची सोय वाटते. प्रत्येक कागदावर ते नाव आलं की दौलत आपली नाही, हे दर वेळी आठवणारच.

कौतुकाच्या वेळीही तेच. माळव्यातल्या जुन्या माणसांकडून ऐकून जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली जो ग्रंथ छापला, त्यात ही हकिगत आहे. कुणा ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचं पुस्तक रचून आणलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग नर्मदेत टाकायला सांगितलं. बासष्टाव्या श्लोकातली ओढ नुसती पैशाचीच असते असं थोडंच आहे!

पण इथेच पोस्ट संपवली तर ती खोटी होईल.

आधी नातू गेला, मग १७९१ साली जावई यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं. आणि अहिल्याबाई लेकीपुढे तिथेच उभ्या राहिल्या जिथे सदतीस वर्षांपूर्वी मल्हारराव त्यांच्यापुढे उभे होते. मला एकटीला सोडून जाऊ नकोस म्हणून त्यांनी गयावया केली. मुक्ताबाईंचं म्हणणं असं होतं की आई, तू म्हातारी झालीस. माझं मूल गेलं, नवरा गेला, उद्या तूही जाशील, मग मी कुणासाठी राहू? बाईंना ज्या आठवणीने परत आणलं, ती लेकीपाशी उरलीच नव्हती. निदान तिला तसं वाटत होतं.

हा प्रसंग काही ठिकाणी गौरवाने सांगतात. मला तो तसा सांगता येत नाही. एक जिवंत मुलगी जळाली आणि रूढीने त्याला पुण्य म्हटलं. एवढी मोठी राणी, तिचं समजावणंही कमी पडलं. माल्कम लिहितो की बाई चितेजवळ उभ्या होत्या, दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते आणि त्या आक्रोश करत होत्या. नंतर त्यांनी नर्मदेत स्नान केलं आणि तीन दिवस जवळजवळ अन्नाशिवाय, एक शब्दही न बोलता काढले.

त्या तीन दिवसांबद्दल मी बरेचदा विचार करते. त्या काळात त्यांनी कुठला हुकूम काढला, कुणाला शिक्षा केली, असं त्या वर्णनात काही नाही. मग त्या उठल्या, लेकीची छत्री बांधायला घेतली. पहाटे उठणं, पूजा, पुराण ऐकणं, दुपारी दरबार, रात्री पुन्हा काम, असा त्यांचा दिवस माल्कमने लिहून ठेवलाय. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरला त्यांनी देह ठेवला.

उद्या ६४ वा श्लोक. त्यात प्रसाद हा शब्द आहे, पण तो देवळात हातावर मिळतो तो नव्हे. आज रात्री एकदा वाचून ठेवा, आणि मुक्ताबाईंच्या जागी बसलेलं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना आधी फोन करा, श्लोक नंतर वाचला तरी चालेल.