भाषाप्रभू गडकरी

शब्द ही मोठी गमतीची वस्तू आहे. एका गुरुजींनी विद्यार्थ्यास घरून पुस्तक चाळून यावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी पिठाची चाळण काखोटीस मारून वर्गात हजर झाला. एका गावी पाटलाने एका शेतकऱ्यास कर भरण्याविषयी बजावले. शेतकऱ्याने आपला उजवा हात पुढे केला आणि हा कर तर जन्मापासूनच पाच बोटांनी भरलेला आहे, असे नम्रपणे निवेदन केले. मुलांनो, या दोन्ही गोष्टी ऐकून तुम्हांला हसू आले असेल. त्यांत कोणी कोणाला मारले नाही, कोणी चिखलात घसरून पडला नाही. एका शब्दाला दोन अर्थ होते, एवढेच काय ते झाले. बोलणाऱ्याने एक अर्थ मनात धरला आणि ऐकणाऱ्याने दुसरा. अशा दुहेरी अर्थास श्लेष म्हणतात व त्यावर रचलेल्या विनोदास कोटी असे नाव आहे. मराठी रंगभूमीवर या कोटीचे राज्य ज्यांनी थाटले, त्या राम गणेश गडकरी यांचे चरित्र आज आपण पाहू.

राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. त्यांचे बालपण गुजरातेतच गेले. घरात मराठी बोलली जाई, पण घराबाहेर, रस्त्यावर आणि शाळेत सर्वत्र गुजराती. त्यामुळे पहिली अक्षरे त्यांनी गुजराती भाषेतूनच गिरविली. ते अवघे आठ वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले. घरची स्थिती हलाखीची झाली आणि पुढे हे कुटुंब महाराष्ट्रात आले.

पुण्यासारख्या शहरात, जेथे शुद्ध बोलण्याचा अभिमान मोठा, तेथे हा परप्रांतात वाढलेला मुलगा आला, तेव्हा त्याचे मराठी बोलणे सफाईदार नव्हते. दुसरा एखादा मुलगा अशा वेळी गप्प बसून राहिला असता. गडकऱ्यांनी मात्र जी भाषा आपल्याला सहज मिळाली नाही, ती मिळवावयाचीच, असा निश्चय केला. मोरोपंतांसारख्या पंडित कवींपासून केशवसुतांसारख्या नव्या कवीपर्यंत मिळेल ते त्यांनी वाचून काढले. ज्याला भाषा आयती मिळते, तो शब्द नुसता वापरतो. ज्याला ती कष्टाने मिळवावी लागते, तो प्रत्येक शब्द उलटसुलट करून पाहतो. पुढे ज्या शब्दांशी गडकरी लीलया खेळले, ते शब्द त्यांनी असे एकेक करून जोडले होते.

मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर गडकरी फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणित या विषयाशी त्यांचे कधीच जमले नाही. पहिल्याच वर्षी ते अनुत्तीर्ण झाले आणि त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण तेथेच संपले. आता पोटाचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांना काम मिळाले. मंडळीत लहान वयाचे नट असत. त्यांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हे ते काम होते. पगार बेताचाच होता, पण नाटकाची विद्या तेथे फुकट मिळत होती. तालमी चालू असता एखादे वाक्य कोठे पडते, कोणत्या शब्दावर प्रेक्षक हसतात आणि कोणता शब्द वाया जातो, हे गडकरी बारकाईने पाहत. पुढे काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकाचे काम केले, तसेच 'ज्ञानप्रकाश' या पत्राच्या संपादकवर्गातही काम केले.

किर्लोस्कर मंडळी त्या काळी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांची नाटके करीत असे. 'सुदाम्याचे पोहे' या लेखसंग्रहाने मराठीत विनोदी लेखनाचा पाया घातला, तेच हे कोल्हटकर. त्यांच्या लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे तिघे मित्र आहेत. ते मोठ्या गंभीरपणे मूर्खपणाची चर्चा करतात आणि वाचकांना आपल्याच समाजातील खुळ्या समजुती दिसू लागतात. गडकऱ्यांनी कोल्हटकरांना मनोमन गुरू केले. पुढे 'बाळकराम' या टोपणनावाने त्यांनी स्वतः विनोदी लेख लिहिले, तेव्हा त्यांतही तीन मित्र आले. ते म्हणजे बाळकराम, भांबूराव आणि तिंबूनाना. ठकी नावाच्या मुलीचे लग्न जुळविण्यासाठी या मंडळींनी केलेला खटाटोप वाचून महाराष्ट्र पोट धरधरून हसला. त्या हसण्याच्या पाठीमागे लग्नाच्या बाजारात मुलींची होणारी विटंबना होती, हेही जाणत्या वाचकांच्या ध्यानात आले.

गडकऱ्यांची लेखणी तीन वाटांनी चालली. 'गोविंदाग्रज' या नावाने त्यांनी कविता केल्या, 'बाळकराम' या नावाने विनोद लिहिला आणि स्वतःच्या नावाने नाटके लिहिली. लहान मुलांसाठी त्यांनी 'चिमुकली इसापनीती' हे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एकही जोडाक्षर येऊ दिले नाही. जोडाक्षराशिवाय चार वाक्ये लिहून पाहा, म्हणजे हे काम किती अवघड आहे, ते तुमच्या लक्षात येईल. परभाषेत अक्षरे गिरविलेल्या माणसालाच नवशिक्या मुलांची अडचण बरोबर कळली असावी.

आता त्यांच्या नाटकांतील विनोदाकडे वळू. दोन माणसांनी समोरासमोर उभे राहून शब्दांची ओढाताण करावी व लोकांना हसवावे, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. संस्कृत नाटकांत राजा आणि विदूषक असत. तमाशात गण आणि गौळण झाल्यावर बतावणी येते. बतावणीत एक शहाणा प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या प्रत्येक प्रश्नाचा भलताच अर्थ लावतो. शहाणा चिडतो, पुन्हा समजावून सांगतो आणि अधिकच गुंत्यात सापडतो. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे बंधू 'काळू-बाळू' या नावाने असेच विनोद करीत. त्यांचा 'जहरी प्याला' हा वग पाहण्यासाठी खेडोपाडी लोकांची झुंबड उडत असे.

ही रीत केवळ आपलीच नाही. अमेरिकेत ॲबट आणि कॉस्टेलो नावाचे दोन विनोदी नट होऊन गेले. त्यांचा बेसबॉल या खेळावरील एक संवाद १९३८ मध्ये रेडिओवरून देशभर ऐकविला गेला. त्यात खेळाडूंची नावेच 'कोण', 'काय' अशा अर्थाची आहेत. पहिल्या जागेवर कोण आहे, असे एकाने विचारले, की दुसरा होय म्हणतो. कारण त्या खेळाडूचे नावच 'कोण'! दोघेही खरे बोलतात, दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि तरी एकाचे दुसऱ्यास काही केल्या कळत नाही. प्रेक्षकाला मात्र दोन्ही अर्थ ठाऊक असतात. म्हणूनच तो हसतो. असा विनोद दहा वेळा ऐकला तरी शिळा होत नाही. पुढे काय येणार हे माहीत असूनही, किंबहुना माहीत असल्यामुळेच, आपण त्याची वाट पाहतो.

गडकऱ्यांनी ही जुनी रीत उचलली व तिला नाटकात मानाचे स्थान दिले. 'प्रेमसंन्यास' या नाटकात त्यांनी गोकुळ नावाचे पात्र निर्माण केले. गोष्टी लक्षात राहाव्यात म्हणून हा गृहस्थ गाठी मारून ठेवतो आणि गाठ कशासाठी मारली, तेच विसरून जातो. आजही एखाद्या विसराळू माणसाला लोक 'विसरभोळा गोकुळ' म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ते नाटक पाहिलेले नसते. पात्र नाटकातून बाहेर पडून भाषेत राहावयास आले, हा लेखकाचा केवढा मोठा सन्मान!

'भावबंधन' नाटकात महेश्वर आणि कामण्णा अशी जोडी आहे. कामण्णाची भूमिका दिनकर ढेरे या नटाने केली. ती इतकी गाजली, की लोक त्यांचे मूळ आडनाव विसरून त्यांना दिनकर कामण्णा म्हणूनच ओळखू लागले.

परंतु गडकऱ्यांचा विनोद केवळ हसविण्यासाठी नव्हता, हे 'एकच प्याला' या नाटकावरून कळते. सुधाकर नावाचा हुशार वकील दारूच्या आहारी जातो आणि त्याची साध्वी पत्नी सिंधू हिच्या संसाराची राखरांगोळी होते. या करुण कथेत गडकऱ्यांनी तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ आणले. हे दारुडे एकत्र बसून मद्यपानाचे मंडन करतात. त्यांची विधाने ऐकून प्रेक्षक हसतात. पुढे तळीराम आजारी पडतो, तेव्हा डॉक्टर आणि वैद्य यांची जुंपते व रोगी बिचारा बाजूलाच राहतो. तेव्हाही प्रेक्षक हसतात. हसता हसता मात्र त्यांच्या मनात विचार येतो, की असेच गोड शब्द ऐकून सुधाकर फसला. शब्दाने माणूस हसतो, तसाच शब्दाने तो बुडतोही.

गडकऱ्यांच्या विनोदात दोष नव्हते, असे नाही. कोटीचा मोह त्यांना अनेकदा आवरत नसे. एका कोटीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी माळ लागली, म्हणजे नाटकाचे कथानक थांबून राही. त्या काळच्या रंगभूमीवर माणसाच्या रूपावरून किंवा व्यंगावरून थट्टा करण्याची रीत होती. ती आज आपणांस रुचणार नाही आणि रुचूही नये. शब्दाच्या व्यंगावर हसावे, माणसाच्या नव्हे. गडकऱ्यांचा जो विनोद आजही ताजा वाटतो, तो शब्दांचाच.

इकडे लोक हसत होते, परंतु लेखकाचे शरीर मात्र खचत चालले होते. गरिबी, अनियमित राहणी आणि सतत लेखन यांमुळे गडकऱ्यांची प्रकृती पार खालावली. अखेर ते नागपूरजवळील सावनेर येथे गेले. त्या वेळी 'भावबंधन' अपुरे होते. अंथरुणाला खिळलेल्या स्थितीतही त्यांनी ते लिहून पुरे केले. स्वतः असह्य वेदना सोशीत असता हा माणूस कामण्णाचे संवाद रचीत होता! २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेहतीस वर्षांचे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पाहून हजारो डोळे ओले झाले. त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने 'भावबंधन' केले. मास्टर दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि दिनकर ढेरे यांनी ते गाजविले. नाट्यगृह हास्याने दुमदुमून गेले. ते हास्य ऐकावयास गडकरी मात्र नव्हते. त्यांच्या कवितांचा 'वाग्वैजयंती' हा संग्रहही १९२१ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

गडकरी गेले, पण त्यांनी लावलेले कोटीचे झाड वाढत राहिले. आचार्य अत्रे त्यांना गुरू मानीत. गडकरी ज्या वर्षी गेले, त्याच १९१९ साली पु. ल. देशपांडे यांचा जन्म झाला आणि शब्दांशी खेळण्याची ही विद्या त्यांनी घरोघरी पोहोचविली. ठाण्यातील नाट्यगृहास गडकऱ्यांचेच नाव दिलेले आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यांशेजारी बजाजनगर ही मोठी वसाहत आहे. कामाच्या निमित्ताने निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे राहतात. अशा ठिकाणच्या शाळांतून एकाच वर्गात अनेक तऱ्हांची बोली ऐकू येते. एकाचा शब्द दुसऱ्याला वेगळाच वाटतो आणि मधल्या सुट्टीत हशा पिकतो. एखाद्या नवख्या मुलाला त्या हशाने संकोच वाटत असेल, तर त्याने नवसारीहून आलेल्या रामची आठवण करावी. ज्याला भाषा परकी वाटली, तोच पुढे भाषाप्रभू झाला. आणि हसणाऱ्या मुलांनीही त्या नवख्या मुलास आपल्यात घ्यावे. कारण कोटी करावयास नेहमी दोघे लागतात.

स्वाध्याय

१. गडकऱ्यांना मराठी भाषा कष्टाने का मिळवावी लागली?
२. बतावणीतील शहाणा व सोंगाड्या यांच्या बोलण्यात विनोद कसा निर्माण होतो?
३. 'एकच प्याला' नाटकातील विनोदाचा हेतू कोणता?
४. हार, पत्र, पान या शब्दांचे दोन-दोन अर्थ सांगा. त्यांपैकी एका शब्दावर दोन मित्रांचा विनोदी संवाद लिहा.